टाटा इन्स्टिट्यूटच्या दारातली कमला



गणपती ही विद्येची देवता. तेव्हा उत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत एखाद्या विद्यावंताचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे. मी ज्या विदुषीबद्दल लिहिणार आहे तिचे नाव मराठी माणसाला अगदी अपरिचित नाही. पण तिचा आणि आपल्या या बेंगळूरुचा संबंध किती जवळचा होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. ही विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी.

शिवाजीनगरहून मेखरी सर्कलवरून यशवंतपूरकडे जाताना झाडीत दडलेला एक मोठा परिसर लागतो. कागदोपत्री तिचे नाव भारतीय विज्ञान संस्था असले तरी बस कंडक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. जमशेटजी टाटांचे स्वप्न, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेली तीनशे एकाहत्तर एकर जमीन आणि १९०९ साली झालेली स्थापना, हा तिचा इतिहास. याच संस्थेच्या दारात १९३३ साली एका बावीस वर्षांच्या मराठी मुलीला नकार मिळाला होता.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. घराणे विद्येचे. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यामुळे आपणही तिथेच जाऊन संशोधन करायचे, ही ओढ कमलाबाईंना लहानपणापासून असली तर नवल नाही. १९३३ मध्ये त्या रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. गुण उत्तम होते. प्रवेश मिळण्यात काही अडचण यावी, असे वरकरणी काहीच कारण नव्हते.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. एवढा मोठा शास्त्रज्ञ! पण त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नामंजूर केला. कारण गुणांचे नव्हते, विषयाचेही नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

अशा वेळी बहुतेक जण परत फिरले असते. घरचे आपलेच आहेत, दुसरीकडे कुठेतरी शिक्षण होईल, असे म्हणून गप्प बसले असते. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि सत्याग्रह हा शब्द घराघरांत पोचला होता. नकाराचे योग्य कारण मिळेपर्यंत हलणार नाही, असे ठरवून त्या संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रहाला बसल्या. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, काम पाहून मग ठरवले जाईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये.

या अटी वाचल्या की आजही राग येतो. कमलाबाईंनाही तो आला होता, आणि तो त्यांनी आयुष्यभर विसरला नाही. अगदी उतारवयातल्या सत्कारसमारंभातसुद्धा त्यांनी या अपमानाची आठवण जाहीरपणे सांगितली. रामन यांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना आदर होता, पण स्त्रियांविषयीच्या त्यांच्या संकुचित दृष्टीबद्दल बोलताना त्या कचरल्या नाहीत. तरीही १९३३ मध्ये त्यांनी अटी मान्य केल्या, कारण आत गेल्याशिवाय काम दाखवता येणार नव्हते.

आत त्यांना मार्गदर्शक चांगले लाभले. एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकवणारे शिक्षक. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. त्या काळी शास्त्राच्या दृष्टीने हा विषय फारसा रुबाबदार नव्हता. पण ज्या देशात बहुसंख्य लोकांना मांस, मासे, अंडी रोज परवडत नाहीत, तिथे शरीराला लागणारी प्रथिने डाळी-कडधान्यांतूनच यायची. ती किती आहेत, कशी आहेत, अंगी लागतात की नाही, हे कोणीतरी मोजायलाच हवे होते. १९३५ मध्ये कडधान्यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांवरचा श्रीनिवासय्या आणि कमला भागवत यांचा निबंध इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापून आला. १९३६ मध्ये याच संशोधनावर त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली.

वर्षभराच्या परीक्षेचे फळ केवळ त्यांना मिळाले असे नाही. त्यांचे काम पाहून रामन यांचा विरोध मावळला आणि पुढच्या मुलींना वाट मोकळी झाली. १९४० मध्ये ॲना मणी याच संस्थेत, खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. पुढे हवामानशास्त्रात त्यांनी केवढे नाव मिळवले, हे सर्वश्रुत आहे.

बेंगळूरुहून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम कॉलेजमध्ये त्यांचे नाव दाखल झाले आणि काम मिळाले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा या भारतीय मुलीला द्यावे आणि स्वतः रात्री काम करावे, अशी तोड काढली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. बेंगळूरुत रात्री काम करण्याची अट तिला घातली गेली, तर केंब्रिजमध्ये तिच्यासाठी दुसऱ्याने रात्र पत्करली. माणसाची कदर कशी करावी, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

रिक्टर तिथून गेल्यावर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करता करता त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडले. प्राणी असो वा वनस्पती, प्रत्येक पेशीला श्वसनातून ऊर्जा मिळते ती टप्प्याटप्प्याने. या टप्प्यांवर इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि त्या साखळीत सायटोक्रोम सी हा महत्त्वाचा दुवा आहे. म्हणजे माणसाच्या पेशीत जी व्यवस्था, तीच बटाट्याच्या पेशीत! या विषयावरचा त्यांचा प्रबंध अवघ्या चौदा महिन्यांत पुरा झाला आणि तो जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि १९४९ मध्ये तिथल्या विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

इथे त्यांनी जे काम केले, ते मला विशेष सांगायचे आहे. तुमच्या-आमच्या ताटातल्या वालाशी आणि औषधाच्या डब्यातल्या गोळीशी त्याचे नाते आहे.

आपण खाल्लेली प्रथिने शरीराला जशीच्या तशी घेता येत नाहीत. त्यांचे तुकडे व्हावे लागतात. हे काम करणाऱ्या द्रव्यांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे असेच एक विकर. प्रथिनाच्या लांब साखळीचा ठरावीक भाग ट्रिप्सिनच्या खोबणीत बसतो आणि तिथे ती साखळी तुटते. पण कच्च्या कडधान्यांत असे एक प्रथिन असते की ते त्या खोबणीत जाऊन बसते आणि निघतच नाही. ट्रिप्सिन त्याला तोडायला जाते आणि स्वतःच अडकते. मग बाकीची प्रथिने समोर असूनही पचत नाहीत. अशा द्रव्याला रोधक म्हणतात.

माझ्या रेल्वेतल्या सहकाऱ्यांना हे एका उदाहरणाने पटेल. पॉइंटवर टंग रेल येऊन स्टॉक रेलला चिकटली पाहिजे. मध्ये खडीचा एक तुकडा अडकला की पॉइंट बसत नाही, लॉक होत नाही, आणि सिग्नल पडत नाही. मोटर चांगली, केबल चांगली, गाडीही उभी, पण सगळे ठप्प. म्हणूनच आपण पाच मिलिमीटरचा तुकडा मध्ये धरून चाचणी घेतो. रोधक म्हणजे विकराच्या खोबणीत नेमका बसणारा खडीचा तुकडा. फरक एवढाच की हा तुकडा वाट्टेल तसा येऊन पडलेला नसतो. त्या खोबणीच्या मापाचाच तो घडलेला असतो.

बियाण्यात हे का असते? झाडाच्या दृष्टीने बी म्हणजे पुढची पिढी. ते किड्याने किंवा जनावराने खाऊन पचवू नये, यासाठी ही संरक्षणाची तरतूद आहे. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला असा रोधक स्फटिकरूपात वेगळा काढला होता. पण आपल्याकडे सोयाबीन कोण खात होते? कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या अन्नाकडे पाहिले. भारतीय भाज्यांत आणि कडधान्यांत ट्रिप्सिनचे रोधक कुठे कुठे आहेत, याचा शोध त्यांनी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध केला. १९५५ मध्येच वाल आणि डबल बी यांतले रोधक स्फटिकरूपात मिळवल्याचा त्यांच्या प्रयोगशाळेचा निबंध ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. त्या काळी भारतातल्या एका सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेतून ‘नेचर’मध्ये निबंध जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

हा वाल म्हणजे आपल्या बेंगळूरुकरांचा अवरे! थंडीत बाजारात ज्याचे ढीग लागतात आणि ज्याच्या वासाने गल्ल्या भरतात, त्याच्याच कुळातला. इथल्या गृहिणी अवरेकाळू भिजवतात, चिमटीत दाबून साल काढतात आणि मग त्याचे सारू करतात. आपल्या आई-आजी वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करतात. दोन्ही घरी पद्धत एकच, आणि तिच्यामागे शास्त्र आहे. भिजवल्याने आणि मोड आणल्याने रोधक कमी होतो आणि नीट शिजवल्यावर त्याचा जोर मोठ्या प्रमाणात जातो. खडीचा तुकडा निघतो आणि पॉइंट बसतो. स्वयंपाकघरातले हे शहाणपण कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत मोजले गेले. कडधान्ये कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नयेत, लहान मुलांना तर मुळीच देऊ नयेत, या सल्ल्याला त्यामुळे आधार मिळाला.

आता औषधाची गोष्ट. अन्नात अडचण ठरणारा रोधक औषधात मात्र फार उपयोगी पडतो. शरीरातले एखादे विकर नको तितके काम करत असेल, किंवा रोगजंतूचे एखादे विकर त्याला वाढायला मदत करत असेल, तर त्याच्याच मापाचा रोधक घडवून त्याची खोबणी बंद करता येते. आपल्या मंडळातले कितीतरी ज्येष्ठ रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिलची गोळी घेतात. या घराण्यातले पहिले औषध कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात रक्तदाब वाढवणाऱ्या विकराला रोखणारे द्रव्य आहे, हे कळल्यावर अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत डेव्हिड कशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी १९७० च्या दशकात त्यावर काम केले. त्या विकराची खोबणी कोणी पाहिलेली नव्हती. मग त्यांनी आधार घेतला स्वादुपिंडातल्या कार्बॉक्सिपेप्टिडेज या प्रथिने तोडणाऱ्या विकराचा, कारण त्याची रचना तोपर्यंत माहीत झाली होती. त्या मापावर बेतून त्यांनी एक छोटासा रेणू घडवला, आणि १९८१ मध्ये तो औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाला. १९९५ मध्ये एड्सच्या विषाणूचे प्रथिने तोडणारे विकर अडवणारे पहिले औषध आले. कोविडच्या साथीत २०२१ मध्ये आलेले निर्मॅट्रेलव्हिर याच तत्त्वावर चालते.

ही औषधे कमलाबाईंनी शोधली नाहीत, आणि तसे सांगणे त्यांना आवडलेही नसते. पण प्रथिने तोडणारे विकर कसे अडते आणि त्याला अडवणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात कसे मिळवावे, या ज्ञानाची इमारत जगभरच्या प्रयोगशाळांनी वीट वीट रचून उभी केली आहे. त्यांतल्या काही विटा मुंबईत, वालाच्या आणि डबल बीच्या दाण्यांतून घडल्या, हे आपण विसरू नये.

कमलाबाईंचे दुसरे मोठे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी ते हाती घेतले. ताडामाडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यातली जीवनसत्त्वे आणि लोह त्यांनी तपासले आणि आदिवासी भागातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात तिचा उपयोग होतो, हे दाखवून दिले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. गरिबाच्या तोंडी जाणारी वस्तू हाच त्यांच्या संशोधनाचा विषय राहिला.

विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना सरळ मिळाले नाही. पात्रता असून काही वर्षे थांबावे लागले. अखेर त्या संचालक झाल्या, तेव्हा केंब्रिजचे जुने मार्गदर्शक रिक्टर यांनी आवर्जून कौतुक केले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी सुरू केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्यांनी भेसळ आणि अन्नाची शुद्धता यांवर काम केले, १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपद सांभाळले आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात सामान्य ग्राहकांसाठी लेख लिहिले.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांनी पुढाकार घेऊन तो घडवून आणला होता. त्याच समारंभात कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जून महिन्यात, त्यांचे निधन झाले.

वाचकहो, हे चरित्र नुसते अभिमानाने वाचून बाजूला ठेवावे असे मला वाटत नाही. आज आपल्या किती घरांतल्या मुली टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, जालहळ्ळीच्या कारखान्यांत, रुग्णालयांत आणि आमच्या रेल्वेतही काम करतात! रात्रीचा ब्लॉक असला की तरुण मुली इंजिनीअर म्हणून हातात बॅटरी घेऊन रुळावर उतरतात आणि काम चोख करतात. पण आपल्याच घरगुती समारंभांत एखाद्या हुशार मुलीबद्दल काय बोलले जाते तेही आठवून पाहा. एवढे शिकून काय करायचे, पीएच.डी.ला पाच वर्षे गेली तर लग्नाचे काय, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबते म्हणजे काय? १९३३ च्या त्या तीन अटी आणि हे आपले प्रश्न यांत कितीसा फरक आहे? तेव्हा नोबेल विजेत्या संचालकांनी त्या घातल्या होत्या. आज त्या आपण, अगदी प्रेमाने, घरात बसून घालतो.

कमलाबाईंना घरातून अशी अट नव्हती. वडील आणि काका पाठीशी होते, मोठी बहीण स्वतः विद्वान होती. संस्थेच्या दारात ही मुलगी ठामपणे बसू शकली त्यात या घराचाही वाटा आहे. बाहेरचे दार बंद असेल तर लढता येते, पण घरचेच दार बंद असेल तर मुलीने कुठे बसून सत्याग्रह करायचा?

म्हणून माझी एक सूचना आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुली शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी या शहरात येतात. भाषा नवी, गाव नवे, सुरुवातीला राहायची जागाही नसते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी एखादी खोली आहे, त्यांनी पहिले काही आठवडे अशा मुलीला ती द्यावी. मंडळाने अशा घरांची यादी करावी. मुलीने रात्री कितीही उशिरा यावे, तिला किल्ली द्यावी आणि डब्यात वालाचे बिरडे झाकून ठेवावे.

बाप्पाने आपल्या सर्वांना सद्बुद्धी द्यावी, हीच प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!